एसी लागला की बाकीचं जळतं? या चुका टाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास गेला की दुकानदारांचे फोन सुरू होतात. एसी लावला आणि बिलिंगचा कॉम्प्युटर गेला. वायरमन पोचायच्या आधीच निदान तयार असतं : "भाऊ, डीपीवरूनच लाइट जास्ती उनी", म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरूनच व्होल्ट जास्त आले. कधी ते खरंही असतं. पण जळण्याची वेळ कॉम्प्रेसर चालू होण्याशी जुळत असेल, तर आधी आपलं मेन पॅनल उघडा.

न्यूट्रलकडे, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेकडे, न बघणं. याचा मला खरोखर संताप येतो. जळगावातल्या एका कपड्यांच्या शोरूममध्ये कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, कॉम्प्युटर आणि पाटीचे एलईडी पाठोपाठ गेले. कुणीतरी एसपीडी (व्होल्टचा झटका अडवणारा डबा) बसवून पैसे घेऊन गेला होता, तो एसपीडीही जळाला. एसी बंद असताना तिन्ही फेजवर 230 च्या जवळपास व्होल्ट. एकाच फेजवर टाकलेले सगळे स्प्लिट एसी चालू केले, तर तो फेज 165 वर बसला आणि बाकीचे दोन 270 वर चढले. न्यूट्रल लिंकमध्ये अॅल्युमिनियमच्या तारा लगशिवाय (तारेच्या टोकाला दाबून बसवायच्या धातूच्या टोपीशिवाय) नुसत्या कोंबलेल्या, इन्सुलेशन काळं पडलेलं.

न्यूट्रल ढिला झाला की ज्या फेजवर लोड कमी, त्याचे व्होल्ट वाढतात. तो पूर्ण तुटला तर कॉम्प्युटरला 400 च्या जवळ व्होल्ट मिळू शकतात. एसपीडी क्षणभराचा झटका झेलतो, सतत चढलेले व्होल्ट झेलणं त्याचं काम नाही. तिथे मेन बंद केला, तारा साफ कापून योग्य मापाचे लग क्रिंप केले, एसी तिन्ही फेजवर वाटले. कॉपर आणि अॅल्युमिनियम एकत्र येतात तिथे मी बायमेटल लगच वापरतो. चालू लाइनवर न्यूट्रल कधीही सोडायचा नाही, घाई कितीही असो.

लाइट आल्याबरोबर सगळं एकदम चालू करणं. सावदा-रावेरकडच्या केळी पिकवण्याच्या चेंबरवर हे सर्रास चालतं. थेट स्टार्टवर मोटर चालू करंटच्या पाच ते सात पट करंट ओढते. चार कॉम्प्रेसर एकदम उठले तर व्होल्ट कोसळतात, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारे स्विच) खडखडतात, आणि त्या ठिणग्यांचे झटके शेजारच्या कंट्रोल कार्डला बसतात. प्रत्येक युनिट लाइट आल्यावर उशिरा उठेल असा टायमर लावा : पहिल्याला तीन मिनिटं, पुढच्यांना थोडं थोडं जास्त. माल तेवढ्यात खराब होत नाही. टायमर बायपास करून देणाऱ्या पोराला पॅनलला हात लावू देऊ नका.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवू नका, वायर जळेल. आधी करंट मोजा. तो ठीक असून फक्त स्टार्टलाच पडत असेल, तर त्याच अँपिअरचा डी-कर्व्ह (स्टार्टचा क्षणभराचा जास्त करंट सोसणारा एमसीबी) बघा.

कॉन्टॅक्टरचे खड्डे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका. बदला.

एसपीडीच्या जोडवायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. अर्थिंगच नसेल तर तो शोभेचा डबा आहे.

आणि रीडिंग घ्यायचं ते दुपारी तीनला, सगळे एसी चालू ठेवून, तिन्ही फेजचं न्यूट्रलशी. सकाळी थंड पॅनल बघून 'सगळं ओके' लिहून देणाऱ्याचं बिल देऊ नका.