'मॅकबेथ' बसवताना या चुका टाळा

राज्य नाट्य स्पर्धेसाठी किंवा महाविद्यालयाच्या रंगमंचासाठी शेक्सपिअरचे 'मॅकबेथ' निवडणाऱ्या नागपूरच्या हौशी संस्थांनी तालमी सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: चेटकिणी सेनापती मॅकबेथला राजपदाचे भाकीत सांगतात, पण राजा डंकनचा खून कर असे त्या एकदाही सांगत नाहीत. हे अंतर पुसले गेले की प्रयोग फसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक काटछाटीत होते. वेळ वाचवण्यासाठी पहिल्या अंकाचा दुसरा प्रवेश, म्हणजे जखमी सैनिकाने केलेले लढाईचे वर्णन, कापण्याचा मोह होतो. परंतु त्याच प्रवेशाच्या शेवटी राजा डंकन कॉडॉरच्या फितूर सरदाराला देहदंड फर्मावून त्याची सरदारकी मॅकबेथला देतो. त्यामुळे पुढच्या प्रवेशात चेटकिणी त्याला कॉडॉरचा सरदार म्हणून हाक मारतात, तेव्हा प्रेक्षकाला बातमी आधीच ठाऊक असते आणि मॅकबेथला मात्र तो चमत्कार वाटतो. ग्लॅमिसची सरदारकी तर त्याच्याकडे होतीच. हा प्रवेश गाळला की प्रेक्षकही भाकिताला भुलतो आणि नायक नियतीच्या हातचे बाहुले ठरतो. कापायचेच असेल तर वर्णन आटोपशीर करावे, पण डंकनचा हुकूम राखावा.

दुसरी चूक अभिनयातली. राजपदाचे भाकीत ऐकून मॅकबेथ हर्षाने फुलत नाही, तो दचकतो. इतके शुभ ऐकून भ्यायलास का, असे त्याचा सहकारी सेनापती बँको त्याला विचारतो. येथे पार्श्वसंगीत पूर्ण थांबवावे आणि प्रकाश नटाच्या चेहऱ्यावर राहू द्यावा, म्हणजे ही इच्छा त्याच्या मनात आधीपासून असावी, अशी शंका प्रेक्षकाच्या मनात येईल. बँकोची भूमिकाही नवख्या नटाकडे सोपवू नये. वंशजांना राज्य मिळेल असे भाकीत त्यालाही मिळालेले आहे, पण अंधाराच्या शक्ती किरकोळ बाबतीत खरे बोलून मोठ्या बाबतीत घात करतात, हा इशारा तोच देतो. मॅकबेथचा दोष या फरकातूनच उठून दिसतो.

खुनाचे सगळे खापर मॅकबेथच्या पत्नीवर, लेडी मॅकबेथवर, फोडणे ही तर सरसकट होणारी चूक आहे. ती चिथावते हे खरे. पण मेजवानी सोडून बाहेर आलेला मॅकबेथ स्वतःच म्हणतो की डंकन आपला आप्त आहे, राजा आहे आणि आज आपल्या घरचा पाहुणा आहे. खुनाला प्रवृत्त करणारी केवळ महत्त्वाकांक्षा आहे, हेही तो कबूल करतो. एवढे स्पष्ट दिसूनही तो पुढे जातो, म्हणून हे स्वगत घाईने उरकू नये. पुढे बँकोच्या खुनाचा बेत तर तो पत्नीला कळूही देत नाही.

धूर बेताचाच सोडावा. चेटकिणींचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले पाहिजेत. शेवटच्या अंकात चालून येणाऱ्या बर्नमच्या अरण्यासाठी सैनिकांच्या हातातील फांद्या पुरेशा आहेत, नेपथ्यावर खर्च नको.

चौथ्या अंकात मॅकबेथ आपणहून चेटकिणींना शोधत जातो, हा बदल चालीतून दिसला पाहिजे. विरोधी सरदार मॅकडफबाबत तेथे त्याला 'सावध राहा' एवढेच सांगितले जाते. मॅकडफच्या बायकामुलांची कत्तल मॅकबेथ स्वतःच्या बुद्धीने करवतो. वेळेच्या मर्यादेत कितीही ओढाताण झाली, तरी तो प्रवेश रंगमंचावर घडलाच पाहिजे.