स्क्रीन मागे पडली, व्ह्यू सुटला का?

आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावासाठी मी एक अँड्रॉइड ॲप लिहिलं. पऱ्हाटीतल्या, म्हणजे कपाशीतल्या, कामगंध सापळ्यांत गुलाबी बोंडअळीचे किती पतंग सापडले, याची नोंद ठेवणारं. वावर उघडायचं, आकडा भरायचा, सापळ्याचा फोटो काढायचा, ‘पुढचं वावर’ दाबायचं. सलग ३ दिवस दर सापळ्यात रोज ८ पतंग आले की फवारणीचं ठरवावं लागतं, म्हणून एका दिवसाचा आकडाही बुडून चालत नाही. आणि सातव्या-आठव्या वावरावर काकांच्या २ जीबी रॅमच्या फोनवर ॲप बंद व्हायचं.

“पोरा, हे मधातच बंद पडते ना बाप्पा. आकडा कुठी लिहू?”

मी त्यांना फोन जुना झाला म्हणून सांगितलं. ते चूक होतं. दोष माझ्या कोडमध्ये होता: मागे पडलेल्या स्क्रीन मेमरी सोडत नव्हत्या.

ॲपमधली एकेक स्क्रीन सांभाळणारा कोडचा तुकडा म्हणजे फ्रॅगमेंट, आणि स्क्रीनवर प्रत्यक्ष दिसतो तो व्ह्यू. फ्रॅगमेंटला दोन आयुष्यं असतात: एक त्याचं स्वतःचं, दुसरं त्याच्या व्ह्यूचं. नवी स्क्रीन आणताना रिप्लेस करून आधीचा फ्रॅगमेंट बॅकस्टॅकवर, म्हणजे मागे टाकलेल्या स्क्रीनच्या ढिगावर, ठेवला, की व्ह्यू मोडतानाचं ऑनडिस्ट्रॉयव्ह्यू चालतं, फ्रॅगमेंट मोडतानाचं ऑनडिस्ट्रॉय चालत नाही. व्ह्यूचं काम संपलं, फ्रॅगमेंट मात्र जिवंत. त्याने बाइंडिंग (व्ह्यूमधल्या घटकांना कोडशी जोडणारा दुवा) धरून ठेवलं असेल, तर ती अख्खी स्क्रीन फोटोसकट मेमरीत राहते. दुसऱ्या वावरात जाताना पहिल्याचा धुरा (बांध) खांद्यावर घेऊन निघावं, तसं.

म्हणून बाइंडिंगचं व्हेरिएबल नलेबल (रिकामं राहू शकणारं) ठेवा, व्ह्यू तयार होतानाच्या ऑनक्रिएटव्ह्यूमध्ये भरा आणि ऑनडिस्ट्रॉयव्ह्यूमध्ये नल, म्हणजे रिकामं, करा. रिसायकलरव्ह्यूचा (यादी दाखवणाऱ्या व्ह्यूचा) ॲडॅप्टर, म्हणजे यादीला माहिती पुरवणारा भाग, फ्रॅगमेंटच्या फील्डमध्ये असेल, तर बाइंडिंग नल करायच्या आधी रिसायकलरव्ह्यूचा ॲडॅप्टरही नल करा; ॲडॅप्टर रिसायकलरव्ह्यूला धरून असतो, हे सहसा लक्षात येत नाही. लाइव्हडेटा, म्हणजे बदलली की कळवणारी माहिती, ऑब्झर्व्ह करताना ‘धिस’ (फ्रॅगमेंट स्वतः) देऊ नका, व्ह्यूच्या आयुष्याशी बांधलेला व्ह्यूलाइफसायकलओनर द्या. नाहीतर मागे आल्यावर जुना ऑब्झर्व्हर तसाच राहतो आणि नवा जोडला जातो. भरलेला आकडा स्क्रीनची माहिती सांभाळणाऱ्या व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवा, पण तिथे व्ह्यू कधीच ठेवू नका. आणि ॲपच मारलं गेलं तर व्ह्यूमॉडेलही जातं, म्हणून मी आता आकडा भरताक्षणी फोनमधल्या रूम डेटाबेसमध्ये लिहितो.

फोटोचा हिशेब मात्र कागदावर मांडून बघा. ४००० गुणिले ३००० पिक्सेल, दर पिक्सेलला ४ बाइट: एक फोटो उघडला की सुमारे ४८ एमबी. फाइल ३ एमबीची दिसते, म्हणून फसायला होतं. फोटो लहान करून उघडणारं इनसँपलसाइज ४ दिलं की तोच फोटो १००० गुणिले ७५० होतो आणि ३ एमबीत बसतो. त्यात सापळ्यातले पतंग मोजता येतात, मी मोजून पाहिले.

‘पुढचं वावर’ दर वेळी बॅकस्टॅकवर नवा थर चढवत होतं. नेव्हिगेशनमध्ये पॉपअपटू (अमुक स्क्रीनपर्यंतचे थर काढा ही सूचना) यादीच्या स्क्रीनपर्यंत दिलं आणि ढीग थांबला. काकांना बॅक दाबल्यावर थेट यादीच हवी होती, तेही जमलं.

तपासायला डीबग बिल्डमध्ये (चाचणीच्या आवृत्तीत) लीककॅनरी हे मेमरीची गळती शोधणारं साधन घाला. व्ह्यू सुटला नसेल तर कोणी धरलाय, ती साखळी ते दाखवतं. शिवाय फोन केबलने संगणकाला जोडून एडीबीची डम्पसिस मेमइन्फो ही मेमरी दाखवणारी आज्ञा ॲपच्या पॅकेजच्या नावासह चालवा आणि ‘व्ह्यूज’चा आकडा बघा. १० वावरं पुढे जा, पुन्हा बघा. आकडा चढतच राहिला तर अजून कुठेतरी धरून ठेवलंय. ही चाचणी सगळ्यात कमी रॅमच्या फोनवर करा. मी आता काकांच्याच फोनवर करतो, सकाळी ते वावरात निघायच्या आधी.