स्क्रोलबरोबर पानाचा रंग बदलेना, त्यावर सापडलेला उपाय

नाशिक दर्शनाचं वेबपान होतं: रामकुंड, पांडवलेणी, अंजनेरी, द्राक्षमळे असे चार विभाग. विभाग समोर आला की पार्श्वभूमी बदलायची. लॅपटॉपवर सगळं सुरळीत, मोबाइलवर मात्र द्राक्षमळ्यांपाशी रंग हलायचाच नाही.

दोष थ्रेशोल्डचा होता, म्हणजे विभागाचा किती भाग दिसला की रंग बदलायचा त्या मर्यादेचा. इंटरसेक्शन ऑब्झर्व्हरला (विभाग स्क्रीनवर आला का हे कळवणारी ब्राउझरची सोय) ०.५ दिलं की विभागाचा निम्मा भाग एकाच वेळी दिसावा लागतो. मोबाइलवर फोटो एकाखाली एक आल्याने हा विभाग १८०० पिक्सेल उंच झाला आणि स्क्रीनवर दिसणारी उंची ७००. म्हणजे फार तर ३९ टक्के दिसणार. निम्म्याचा टप्पा कधी गाठलाच जात नाही.

थ्रेशोल्ड ० केला आणि रूट मार्जिन (ऑब्झर्व्हर तपासतो त्या चौकटीच्या कडा आत-बाहेर सरकवणारं माप) वर-खाली उणे ५० टक्के, डावी-उजवीकडे ० पिक्सेल. आता स्क्रीनच्या बरोबर मध्यावर एक आडवी रेघ उरते. ती ज्या विभागात असेल त्याचा रंग. विभाग कितीही उंच असो, फरक पडत नाही. इथे पिक्सेलचं एकक गाळून नुसता ० लिहू नका, एरर येते.

रंग बॉडीला, म्हणजे सगळ्या विभागांमागच्या अख्ख्या पानाला द्या, ट्रान्झिशन (रंग हळूहळू बदलण्याचा वेळ) ६०० मिलिसेकंद पुरे. विभागांची स्वतःची पांढरी पार्श्वभूमी काढा, नाहीतर मागचा रंग झाकला जातो. ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात मिसळत जाणारे रंग) मात्र हळूहळू बदलत नाही, झटक्यात बदलतो. साधा रंगच बरा.

द्राक्षांच्या गडद जांभळ्यावर काळी अक्षरं बुडतात. मजकुराचा रंगही त्याच वेळी बदला. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा.