हायपर-थायरॉईड असेल तर रक्ताच्या रिपोर्टचा हिशोब कसा ठेवायचा

कुणाला सांगा की मला थायरॉईड आहे, लगेच सल्ले सुरू होतात, सकाळी उपाशीपोटी गोळी घे, अर्धा तास चहा नको, कोबी-फ्लॉवर बंद कर, वजन वाढेल आता सांभाळ. हे सगळं थायरॉईड कमी पडतं त्यांच्यासाठीचं आहे. आपलं बरोबर उलटं असतं, ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन सोडते आणि मग छातीत धडधड, हात थरथरणं, डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीतही पंखा लावावासा वाटणं, दिवसातून तीन-चारदा पोट साफ होणं, भरपूर जेवूनही वजन उतरणं, झोप नाही, चिडचिड, बायकांची पाळी पुढेमागे होणं हे सगळं एकेक करून येतं. मी स्वतः बरीच वर्षं या आजाराची पेशंट आहे आणि नव्याने कळलेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की एक रिपोर्ट बघून घाबरू पण नका आणि खूश पण होऊ नका, या आजारात ओळीने लावलेले रिपोर्ट बोलतात, सुटा रिपोर्ट फार काही सांगत नाही.

आधी कारण कळू द्या

हार्मोन वाढण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. सगळ्यात जास्त दिसतो तो ग्रेव्ह्ज डिसीज, यात शरीर स्वतःच अशा अँटिबॉडी बनवतं ज्या ग्रंथीला सारखं काम करायला लावतात. काहींच्या ग्रंथीत गाठी असतात आणि त्या गाठीच जास्तीचं हार्मोन बनवतात. तिसरा प्रकार म्हणजे ग्रंथीला सूज येते, बाळंतपणानंतर किंवा व्हायरल तापानंतर, आणि साठलेलं हार्मोन रक्तात सांडतं. हा प्रकार बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत आपोआप उतरतो, त्यात हार्मोन कमी करायच्या गोळीचा उपयोगच नसतो. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा की माझं यातलं नक्की कुठलं आहे, ट्रॅब नावाची अँटिबॉडी टेस्ट किंवा थायरॉईड स्कॅन करायचाय का, आणि जे उत्तर मिळेल ते फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

लॅबमध्ये काय सांगायचं

इथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. लॅबला नुसतं थायरॉईड प्रोफाइल म्हटलं की बरेचदा टोटल टी३, टोटल टी४ (ही थायरॉईडची दोन हार्मोन) आणि टीएसएच (ग्रंथीला काम करायला सांगणारं हार्मोन, टी३-टी४ वाढले की हे उतरतं) करून देतात. टोटलचा आकडा प्रेग्नन्सीत किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तसाही वाढलेला दिसतो. आपल्याला बहुतेक वेळा हवं असतं टीएसएच, फ्री टी४ आणि फ्री टी३, फ्री म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला मोकळा भाग. तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर फ्री असं लिहिलंय का ते बघा आणि बुकिंग करताना स्पष्ट सांगा की एफटी३, एफटी४ पाहिजे. फ्री टी३ वगळू नका, कारण काही जणांचा टी४ नॉर्मल असतो आणि एकटा टी३ वर असतो, लक्षणं मात्र सगळी चालू.

लॅब शक्यतो एकच ठेवा. प्रत्येक लॅबचं मशीन वेगळं, नॉर्मल रेंज वेगळी, फ्री टी४ चं तर युनिटच दोन प्रकारचं असतं, कुणाकडे १.२ दिसतं आणि कुणाकडे साधारण १५, आणि दोन्ही एकच. कोथरूडमध्ये एकदा, हडपसरला बहिणीकडे असताना एकदा, ऑफरमध्ये स्वस्त मिळालं म्हणून तिसरीकडे, असं केलं की आकडे एकमेकांशी लावताच येत नाहीत. वेळही साधारण तीच ठेवा, टीएसएच रात्री-पहाटे जास्त असतं आणि दुपारी उतरतं, त्यामुळे घरी येऊन रक्त घेणारा मुलगा सकाळी सातला येत असेल तर दर वेळी सातलाच बोलवा. थायरॉईडसाठी उपाशी राहायची गरज नाही, पण सोबत शुगर किंवा लिपिड असेल तर ते विचारून घ्या.

आणि बायोटिन. हे मी मोठ्याने सांगते कारण खूप कमी जणांना माहीत असतं. केस गळतात म्हणून ज्या केस-नखांच्या गोळ्या घेतो त्यात बायोटिन भरपूर असतं, रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम आणि गोळीत ५,००० किंवा १०,००० असतं. बऱ्याच लॅबच्या टेस्टची पद्धतच अशी आहे की रक्तातल्या या बायोटिनमुळे टीएसएच खोटं कमी आणि टी३-टी४ खोटे जास्त दिसतात, म्हणजे हुबेहूब हायपर-थायरॉईडचा रिपोर्ट. माझ्या नणंदेचा असाच आला होता, धडधड नाही, वजन उतरलेलं नाही, बाई मजेत, आणि रिपोर्ट बघून घरात रडारड. गोळ्या बंद करून परत रक्त दिलं तर सगळं नॉर्मल. हायपर-थायरॉईडमध्ये केस गळतातच, म्हणून या गोळ्या आपल्याकडे असायची शक्यता जास्त. रक्त द्यायच्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, डोस मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि डॉक्टरांना सांगा.

रिपोर्ट हातात आल्यावर

टीएसएचची रेंज मोठ्या माणसांमध्ये साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते. आपलं सुरुवातीला ०.०१ पेक्षा कमी असं काहीतरी येतं, लाल अक्षरात. गोळी सुरू केली, महिना-दीड महिन्याने रिपोर्ट काढला, फ्री टी४ छान रेंजमध्ये आला, धडधड थांबली, आणि टीएसएच मात्र तिथेच. लोक इथे हताश होतात, की गोळी लागू पडत नाहीये. तसं नसतं. टीएसएच मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी बनवते आणि इतके महिने जास्तीच्या हार्मोनने ती झोपवून ठेवलेली असते, टी४ नॉर्मल झाल्यावरही तिला जागं व्हायला दोन-तीन महिने, कधी जास्तही लागतात. त्यामुळे सुरुवातीच्या काळात डॉक्टर डोस ठरवतात तो मुख्यतः फ्री टी४ आणि फ्री टी३ बघून.

उलटंही होतं. टीएसएच दबलेलं आहे म्हणून डोस तसाच ठेवला आणि फ्री टी४ रेंजच्या खाली गेला, तर आता थायरॉईड कमी पडायला लागलंय, मग सुस्ती, अंग जड, थंडी वाजणं, पोट साफ न होणं. म्हणून तीनही आकडे एकत्र बघा, आणि मागच्या रिपोर्टच्या शेजारी ठेवून बघा. रिपोर्ट बघून स्वतःच गोळी अर्धी किंवा बंद मात्र करू नका, फोन करा, विचारा.

किती दिवसांनी टेस्ट? गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस बदलल्यावर साधारण ४ ते ६ आठवड्यांनी. त्याआधी काढून उपयोग नाही, टी४ रक्तातून अर्धा व्हायलाच आठवडाभर लागतो, आणि ग्रंथीत साठलेलं हार्मोन संपायलाही वेळ जातो. आकडे स्थिर झाले की दर २-३ महिन्यांनी.

एक वही करा

मोबाईलमध्ये पीडीएफ पडून राहतात, हवं तेव्हा सापडत नाहीत, डॉक्टरांकडे दहा मिनिटं मिळतात आणि त्यातली पाच आपण व्हॉट्सअ‍ॅप स्क्रोल करण्यात घालवतो. साधी दोनशे पानी वही घ्या, आडवी धरा आणि रकाने आखा. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: तारीख, कार्बिमाझोल (हार्मोन कमी करायची गोळी) १० मिलिग्रॅम सकाळी आणि १० रात्री, टीएसएच ०.०१ पेक्षा कमी, एफटी४ १.६, एफटी३ ४.१, नाडी ८४, वजन ५२, शेरा – झोप बरी, जिना चढताना धाप नाही. बस एवढंच. डॉक्टर वही उघडतात आणि वरून खाली नुसती नजर फिरवतात, त्यांना डोस आणि आकडा एकमेकांशी लगेच लावता येतो.

नाडी रोज सकाळी चहाच्या आधी मोजायची. पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण आपल्याला वेगाबरोबर लयही बघायचीय. बसल्याजागी सतत १०० च्या वर असेल किंवा ठोके आडवेतिडवे, एखादा गाळून पडल्यासारखे लागत असतील तर डॉक्टरांना कळवून ईसीजी काढून घ्या, हायपर-थायरॉईडमध्ये हृदयाची लय बिघडू शकते, विशेषतः घरातल्या वयस्कर माणसांची. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर तेही त्या ओळीत लिहा, कारण मग नाडी त्या गोळीने कमी दिसते. दमा असेल तर ही गोळी चालत नाही, आधीच सांगा.

ताप आणि घसा: हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा

कार्बिमाझोल उपाशीपोटीच पाहिजे असं काही नाही, फक्त रोज वेळेवर घ्या. पण एक धोका क्वचित का होईना असतो आणि तो माहीत असलाच पाहिजे. फार थोड्या जणांमध्ये या गोळीने पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात, बहुतेक करून पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणजे ताप, घसा खूप दुखणं, तोंडात फोड. आता जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यात कुणाचा घसा दुखत नाही, त्यामुळे आपण मिठाच्या गुळण्या करतो, हळदीचं दूध पितो आणि दोन दिवस वाट बघतो. या गोळीवर असताना वाट बघायची नाही. त्या दिवसाची गोळी थांबवा, डॉक्टरांना फोन करा, त्याच दिवशी सीबीसी करून पांढऱ्या पेशी बघून घ्या, आणि रविवार असेल, तुमचे डॉक्टर नसतील, तर हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन पहिलं वाक्य हेच बोला की मी कार्बिमाझोलवर आहे. पेशी नॉर्मल निघाल्या तर डॉक्टर सांगतील तशी गोळी परत सुरू होते. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खूप खाज, यालाही तोच नियम, आणि मग लिव्हरची टेस्ट.

खूप जास्त ताप, नाडी भयंकर वेगात, उलट्या-जुलाब आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर थांबू नका, १०८ ला फोन करा.

वजन, खाणं, व्यायाम, डोळे

गोळी लागू पडली की उतरलेलं वजन परत येतं. हे आधीच मनाशी धरून ठेवा, कारण कितीतरी मुली फक्त वजन वाढतंय म्हणून गुपचूप गोळी सोडतात आणि आजार परत उसळतो. आजारात लागलेली जास्त खायची सवय तशीच राहते आणि शरीराचं जाळणं मात्र नॉर्मल होतं, एवढाच तो प्रकार, तेव्हा आकडे सुधारायला लागले की ताटातलं प्रमाण हळूहळू कमी करा. घरातलं आयोडीनवालं मीठ चालतं. समुद्री शेवाळाच्या गोळ्या नकोत, आणि सीटी स्कॅनला आयोडीनचं डाय देणार असतील तर तिथे आजार सांगा. अश्वगंधा नको, ती थायरॉईडचं हार्मोन वाढवू शकते आणि आपल्याकडे ती कुणीही, कशासाठीही सुचवतं. चहा-कॉफी कमी केली की धडधडीत फरक पडतो.

नाडी ताब्यात येईपर्यंत सिंहगड, पर्वती पळत चढणं, ढोलपथकाचा सराव हे सगळं थांबवा. पथकातल्या पोरापोरींना हे जड जातं, कळतं मला, पण जास्तीच्या हार्मोनने आधीच धावणाऱ्या हृदयावर कमरेला ढोल बांधून तास-तास वाजवणं योग्य नाही. सपाट रस्त्यावर चाला. हाडंही झिजतात यात, म्हणून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल विचारून घ्या.

ग्रेव्ह्ज असेल तर डोळ्यांकडे लक्ष हवंच. डोळे कोरडे, लाल, पुढे आल्यासारखे वाटले तर दाखवा, आणि एकाचे दोन दिसणं, रंग फिके दिसणं, डोळा दुखणं असेल तर लगेच. टू-व्हीलरवर धूळ जाते म्हणून हेल्मेटची काच खाली ठेवा. सिगरेट ओढत असाल तर ती सोडाच, तिने हा डोळ्यांचा त्रास नक्की वाढतो.

बाळाचा विचार असेल तर, आणि गोळी बंद झाल्यावर

प्रेग्नन्सीचा प्लॅन असेल तर राहायच्या आधी डॉक्टरांशी बोला, कारण सुरुवातीच्या महिन्यांत कार्बिमाझोलने बाळात दोष येऊ शकतो आणि त्या काळात बहुधा दुसरी गोळी देतात. पाळी चुकली तर वाट न बघता टेस्ट करून त्याच दिवशी कळवा.

ग्रेव्ह्जमध्ये गोळीचा कोर्स साधारण १२ ते १८ महिने चालतो. बंद करायच्या आधी ट्रॅब परत बघतात, ती नॉर्मल आली तर परत उसळायची शक्यता कमी. तरीही जवळजवळ अर्ध्या जणांना पुढे कधीतरी परत होतं, मग परत गोळी, रेडिओआयोडीन (ग्रंथीचं काम कमी करणारं किरणोत्सारी आयोडीन) किंवा ग्रंथीचं ऑपरेशन यातलं ठरवावं लागतं. म्हणून बंद झाल्यावर पहिलं वर्ष दर एक ते तीन महिन्यांनी टेस्ट चालू ठेवा, पहिले सहा महिने तर चुकवूच नका, आणि नंतर वर्षातून एकदा, कायम. रेडिओआयोडीन किंवा ऑपरेशन झालं असेल तर बहुतेकांचं थायरॉईड मग कमी पडायला लागतं आणि थायरॉक्सिन, म्हणजे कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारी गोळी, सुरू होते. ती गोळी मात्र खरंच सकाळी उपाशीपोटी घ्यायची.