टोमॅटोचे फळ गोटीएवढे असतानाच लक्ष द्या

ऊन वाढू लागले आणि टोमॅटो फुलोऱ्यात आला की बहुतेकांना फळ फुगवणाऱ्या खतांचे वेध लागतात. खरे काम त्याआधीचे आहे. फळधारणेनंतर साधारण दहा-पंधरा दिवस फळातल्या पेशी झपाट्याने विभागतात. मग विभाजन मंदावते आणि आहेत त्याच पेशी पाणी ओढून मोठ्या होतात. वाढलेल्या पेशीचा तब्बल ९० टक्के भाग रिक्तिका, म्हणजे पेशीतली पाण्याने भरलेली पिशवी, व्यापू शकते. म्हणजे पेशी मुळातच कमी पडल्या, तर नंतर कितीही खत सोडा, आकाराला मर्यादा राहणारच. ‘साईज’साठी उशिरा मारलेल्या फवारण्यांवरचा खर्च मला म्हणूनच बहुतेक वेळा वाया गेलेला वाटतो.

तेव्हा फुलोऱ्यापासून फळ गोटीएवढे होईपर्यंत जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होईल अशी, ठेवा. ठिबक असेल तर पाणी थोडे थोडे, पण रोज द्या. आच्छादन आत्ताच टाका.

याच काळात कॅल्शियमची गरज सर्वाधिक असते, कारण पेशीभित्तिकेतल्या पेक्टिन या चिकट पदार्थाला तेच बांधून ठेवते. ते मुळांकडून पाण्याबरोबर वर चढते आणि जास्त बाष्प सोडणाऱ्या पानांकडे आधी जाते. कोवळ्या फळाच्या वाट्याला थोडेच येते. एकदा पानात बसले की तिथून ते फळात जवळजवळ येतच नाही. फळाचे बूड काळे पडून सडते ते यामुळे, आणि पुष्कळदा जमिनीत कॅल्शियम भरपूर असूनही. तिथे चूक पाण्याच्या अनियमित पाळीची असते. युरिया आणि अमोनियमयुक्त खतांचा हातही आखडता घ्या. अमोनियम कॅल्शियमच्या शोषणात आडवे येते. कॅल्शियम नायट्रेट फवारायचे तर ते कोवळ्या फळांवर पडले पाहिजे. सल्फेट किंवा फॉस्फेट असलेली खते त्याच टाकीत मिसळू नका, साका बसतो.

शेंडे खुरटून ठिसूळ झाले, तर बोरॉनची कमतरता तपासा. मात्र माती-पान परीक्षणाशिवाय बोरॉन देऊ नका. कमी आणि जास्त यांतले अंतर फार थोडे आहे.

फळे रंगावर आल्यावर पाण्याचा ताण देऊन एकदम भरपूर पाणी सोडू नका. आतल्या पेशी फुगतात, साल तेवढी ताणली जात नाही आणि फळ देठाजवळ तडकते. ताण पडलाच असेल, तर पाण्याची मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू वाढवा.