शाळेच्या खिचडीत रंग कशाला? या चुका टाळा

पोषण आहाराची खरेदी आणि स्वयंपाक बघायला लागून मला सात वर्षं झाली, आणि कोल्हापुरात नवीन बचत गट आला की त्याच चुका परत सुरू होतात, म्हणून आता लिहूनच टाकतोय.

पहिली चूक चुलीवर नाही, मागणीपत्रात होते. 'चांगल्या प्रतीचा वाटाणा' एवढंच लिहायचं आणि सही ठोकायची. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे मटार पुलाव होता, आक्कांनी सकाळी वाटाणा भिजत घातला आणि अर्ध्या तासानं हाक मारली, "दादा, हे बघा की जरा." पातेल्यातलं पाणी हिरवंगार, वाटाणा फिका पडलेला, आक्कांची बोटंसुद्धा हिरवी. तीन किलो माल बाजूला काढला, पोरांना मुगडाळीची खिचडी दिली. दुकानदाराला फोन केला तर म्हणतोय, "रंग नको असं कुठं लिहिलंय?" वाटाण्याला रंग लावणं कायद्यानं चुकीचंच, पण कागदावर आमचीही ओळ नव्हती. तेव्हापासून स्वतःच्या हातानं लिहितो: वाटाणा, डाळ, हळद, तिखट यात कसलाही कृत्रिम रंग चालणार नाही, पाणी रंगलं तर माल परत, पैसे नाहीत. कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये कायदा केला, त्यात सहा रंगांची नावं घेऊन लिहिलंय की २०२७ संपताना सरकारी शाळांच्या जेवणातून हे बंद. असं नाव घेऊन लिहिलं की पळवाट राहत नाही.

दुसरी, जिचा मला खरंच संताप येतो: "खाण्याचाच रंग हाय की, सरकारची परवानगी हाय." अहो, परवानगी आठ कृत्रिम रंगांना आहे आणि तीही मिठाई, बिस्किट, आईस्क्रीम, सरबत अशा ठरावीक पदार्थांना. वरण, पुलाव, उसळ, मसाला त्यात येत नाही. मिठाईतही मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम, हे चिमटीनं टाकणारा कसा मोजणार? हळद तेलात नीट परतायला दोन मिनिटं लागतात, तेवढा धीर नसतो म्हणून केशरी पुडी फोडतात. १५ ऑगस्टची जिलेबी मी दोन दिवस आधी बिनरंगाची सांगून ठेवतो, फिकी असली तरी पोरं तेवढीच खातात.

सुटं तिखट घेऊ नका. पेल्यातल्या पाण्यावर चिमूटभर टाका, रंगाच्या रेघा खाली उतरल्या की परत करा. लाल रंग पाहिजे तर ब्याडगी जास्त घ्या आणि डंकावर स्वतः उभं राहून कुटून आणा.

पाकिटामागं १०२, ११०, १२२, १२४ हे कृत्रिम रंगांचे आकडे दिसले की पाकीट दुकानातच ठेवून द्या.

आणि मूठभर माल भिजवून बघायचा तो आला त्याच दिवशी, शिजवायच्या सकाळी नाही, कारण तेव्हा तांदूळ धुतलेला असतो, पोरं ताटं घेऊन बसायची वेळ जवळ आलेली असते आणि मग "आजच्या दिवस चालवून घेऊ" म्हणणारा कोणीतरी निघतोच.