वॉर्डातला पहिला दिवस: तयारी नेमकी कशाची करायची

पहिल्या क्लिनिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या आधी नर्सिंगचे बहुतेक विद्यार्थी औषधांची नावं आणि डोस पाठ करत बसतात. तो वेळ वाचवा. पहिल्या दिवशी औषधांचा ट्रे तुमच्या एकट्याच्या हातात कोणी देत नाही, देऊही नये. तुम्हाला सांगितलं जाईल ते एवढंच: ‘त्या पेशंटचे व्हायटल्स घेऊन या.’ व्हायटल्स म्हणजे ताप, नाडी, श्वास आणि बीपी (रक्तदाब). त्यामुळे तयारी व्हायटल्सची करायची, आणि त्यातही बीपीची.

बाकीचं थोडक्यात. युनिफॉर्म आदल्या रात्री इस्त्री करून ठेवा. बूट बंद आणि आधी वापरलेले असू द्या, नवे कोरे नकोत. नखं कापलेली, नेलपॉलिश नाही, बोटात अंगठी नाही, केस कॉलरच्या वर बांधलेले. सेकंद काटा असलेलं घड्याळ, दोन पेनं, खिशात मावणारी वही. हेपटायटिस बी लसीचे डोस पूर्ण झाल्याची नोंद सोबत असावी. सकाळी नीट खाऊन निघा. उपाशीपोटी तासन् तास उभं राहून चक्कर येते आणि दोष मात्र रक्त पाहण्याला दिला जातो. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच खाली बसा आणि शेजारच्याला सांगा.

वॉर्डात गेल्यावर हात धुणं आणि ओळख पटवणं, या दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं, साबणाने धुताना सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतरही. ओळख पटवायची ती नाव आणि जन्मतारखेवरून किंवा नोंदणी क्रमांकावरून, बेडच्या नंबरावरून कधीच नाही, कारण बेड बदलले जातात. ‘तुम्ही अमुकच ना?’ असं विचारलं तर गुंगीतला माणूसही ‘हो’ म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव सांगता का?’ असं विचारा आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघा.

आता बीपी.

माझ्या पहिल्या पोस्टिंगला एका आजोबांचं बीपी घेताना मला काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा फुगवलं, तरी नाही. मागे सिस्टर घाईत होत्या, आजोबा हात पुढे करून वाट पाहत होते, आणि मी चार्टवर १२०/८० लिहिलं. तासाभराने सिस्टरनी स्वतः मोजलं तेव्हा वरचा आकडा ९० च्या खाली होता. डॉक्टरांना तेव्हा बोलावलं गेलं. तो एक तास माझ्यामुळे वाया गेला होता. आजोबा सावरले, पण मी लिहिलेला तो आकडा मला आजही दिसतो. म्हणून ‘ऐकू नाही आलं तर अंदाजे टाक, सगळे तेच करतात’ असं सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका. न ऐकलेला आकडा लिहायचा नाही.

ऐकू का येत नाही, याची कारणं मला पुढे हळूहळू कळली. वर्गमैत्रिणीचा सडसडीत हात आणि स्किल लॅबमधली शांतता यांच्यावर केलेला सराव वॉर्डात पुरत नाही. तिथे मशीन वाजत असतात, शेजारी नातेवाईक बोलत असतात, आणि पेशंटचा दंड कधी फार जाड असतो तर कधी हाडकुळा.

आधी स्टेथो बघा. कानात घालायची टोकं पुढे, नाकाच्या दिशेने वळलेली हवीत. दोन बाजूंचा स्टेथो असेल तर ज्या बाजूने ऐकायचं ती उघडी आहे का, हे बोटाने हलकेच टिचकी मारून तपासा. ‘ऐकूच येत नाही’ म्हणून रडवेल्या झालेल्या कितीतरी मुलींच्या स्टेथोचं डोकं फक्त उलट फिरलेलं असतं.

मग कफ, म्हणजे दंडाला गुंडाळून फुगवायचा पट्टा. आतल्या रबरी फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के आणि रुंदी ४० टक्के असावी. जाड दंडाला लहान कफ लावला तर बीपी खोटंच जास्त येतं. कफ उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीपासून दोन-तीन सेंटीमीटर वर. ज्या हाताला सलाईन चालू आहे, डायलिसिसचा फिस्ट्युला (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिन्या) आहे किंवा त्या बाजूच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आहे, तो हात सोडा. माहीत नसेल तर आधी विचारा. पेशंट पाच मिनिटं निवांत बसलेला, पाठीला आधार, पाय एकमेकांवर न टाकलेले, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. मोजताना त्याच्याशी गप्पा मारू नका. बोलण्यानेही आकडा चढतो.

यापुढची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मीही ती गाळली होती. स्टेथो लावण्याआधी मनगटाची नाडी बोटाखाली धरून कफ फुगवा. नाडी जिथे लागेनाशी होते तो आकडा लक्षात ठेवा. सगळी हवा सोडा, अर्धा मिनिट थांबा. मग कोपराच्या आतल्या बाजूला धमनीचा ठोका बोटाने शोधा, नेमका तिथेच स्टेथो ठेवा आणि त्या आकड्याच्या ३० वर फुगवा. काही पेशंटमध्ये, विशेषतः ज्यांचं बीपी वाढलेलं असतं त्यांच्यात, आवाज सुरू होऊन मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा येतो. आधी नाडीवरून अंदाज घेतला नसेल तर तो दुसरा आवाजच पहिला वाटतो आणि वाढलेलं बीपी नॉर्मल म्हणून लिहिलं जातं.

हवा सोडताना काटा सेकंदाला दोन-तीन अंकच उतरला पाहिजे. घाबरलेला हात झडप एकदम उघडतो, काटा धाडकन खाली येतो आणि पहिला ठोका हुकतो. घरी झडप सावकाश फिरवण्याचाच वेगळा सराव करा. पहिला स्पष्ट ठोका हा वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. रशियन डॉक्टर निकोलाय कोरोत्कोव यांनी १९०५ मध्ये या आवाजांचं वर्णन केलं, आणि आपण अजून त्यांच्याच पद्धतीने ऐकतो. डायलवर दोन-दोनच्या रेघा असतात, म्हणून १३४ ऐकलं तर १३४ लिहा, १३० नाही.

हुकलं तर मध्येच पुन्हा फुगवू नका. हवा पूर्ण सोडा, किमान एक मिनिट थांबा, मग एकदाच परत घ्या. तरीही नाही कळलं तर सरळ सांगा: ‘मॅडम, मला खालचा आकडा ऐकू आला नाही, तुम्ही बघता का?’ हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून पाहा, कारण आयत्या वेळी ते तोंडातून निघत नाही. चांगली सिस्टर यावर चिडत नाही. एखादी चिडलीच, तरी विचारायचंच.

‘मशीन असतं की’ असंही कोणी म्हणेल. नाडी अनियमित असली की मशीनचा आकडा भरवशाचा राहत नाही, आणि तेव्हा हाताने मोजता यावंच लागतं. जायच्या आधीच्या आठवड्यात घरातल्या, शेजारच्या निदान दहा वेगवेगळ्या दंडांवर सराव करा, त्यातले काही म्हाताऱ्या माणसांचे, आणि मुद्दाम टीव्ही चालू ठेवून.

बाकी व्हायटल्स सोपे आहेत. श्वास मोजताना मात्र पेशंटला सांगू नका, कळलं की श्वास बदलतो. नाडी मोजून झाल्यावर बोटं मनगटावर तशीच ठेवा आणि छातीकडे बघत मोजा. लय बिघडलेली वाटली तर पूर्ण मिनिट.

आकडे चार्टवर लगेच लिहा. खिशातल्या वहीत पेशंटचं नाव उतरवू नका. फोटो तर चार्टचाही नाही. निघताना तुमच्या पेशंटकडे परत जा, आपण निघतोय आणि आता कोणाला हाक मारायची ते सांगा, आणि बेल त्यांच्या हाताला लागेल अशी ठेवा.